डाव्या पायाला काम नसलेली गाडी

"चार्जिंग कुठं करता?"

हा प्रश्न मला या प्रवासात इतक्या जणांनी विचारला की शेवटी शेवटी मी काच खाली करता करताच उत्तर द्यायला लागले. करावं लागत नाही. पेट्रोल टाकायचं, बाकीचं तिचं ती बघते. मग दुसरा प्रश्न यायचा, "मंग बॅटरी काहून हाय?" आणि मग तिसरा, ज्याच्यासाठी पहिले दोन विचारलेले असतात, "ॲव्हरेज काय देती?" जालन्यात पेट्रोल भरणाऱ्याने विचारलं, जिंतूरला चहावाल्याने विचारलं. येलदरीच्या पुढे ज्याच्या म्हशी आडव्या गेल्या, त्याने म्हशी हाकायच्या आधी विचारलं.

मी दमले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात उत्साह शोधू नका. मी पत्रकं लिहिते. स्वच्छ हवेसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत आहे, आणि गेली काही वर्षं माझं एकच काम आहे: जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटवा, हे वेगवेगळ्या शब्दांत ओरडून सांगणं. संस्थेला कुणीतरी एक वापरलेली हायब्रिड गाडी देणगी दिली. ठरलं असं की ती मराठवाड्यात फिरवायची, लोकांना दाखवायची आणि पुढच्या पत्रकाच्या पहिल्या पानासाठी एक फोटो आणायचा. गावातली मुलगी, स्टिअरिंगवर हात, चेहऱ्यावर हसू. कुठली मुलगी, ते मीच सुचवलं. माझी मामेबहीण संघमित्रा. साखऱ्याला राहते, सेनगाव तालुक्यात.

संघमित्राला गाडी हवीच होती. तिचं शिकाऊ लायसन संपत आलं होतं आणि पक्क्या लायसनची परीक्षा हिंगोलीत होती. ती चालवायला शिकली किसनमामाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या जीपवर. ही जीप साखऱ्याहून सेनगाव, नरसी करत हिंगोलीला जाते. दवाखान्याच्या बाया, कॉलेजच्या पोरी, बाजाराची गाठोडी, सगळं तिच्यात. पण मामाचा डावा गुडघा गेला आहे, आणि त्या जीपचा क्लच दाबणं म्हणजे दर वेळी पायाने दगड ढकलणं. म्हणजे आता जीप चालवील तर संघमित्रा, नाहीतर कुणी नाही. मामाने तिला एक संधी दिली होती, एकच. पास झाली तर जीप तिची. नापास झाली तर जीप विकायची आणि जे पाहुणे तिला बघायला यायचं म्हणत होते त्यांना होकार कळवायचा.

परीक्षेला स्वतःची गाडी न्यावी लागते आणि तिचे कागद धड असावे लागतात. जीपला पीयूसी मिळत नव्हतं. धूर एवढा की यंत्राला लावायची गरजच नव्हती, तपासणारा माणूस बघूनच नाही म्हणायचा. मीच ज्या नियमासाठी घसा कोरडा केला, तोच नियम माझ्या मामाच्या दारात उभा होता. मला त्याची लाज वाटली नाही. नियम बरोबर आहे. मी गाडी घेऊन जाते, एवढंच म्हटलं.

साखरा

आमच्याकडे गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. किसनमामाची जीप वळणावर आली की मामी चुलीवर आधण ठेवते. शेजारच्या गयामावशीला जीपच्या खोकण्यावरून कळतं की आज आत किती माणसं आहेत.

मी संध्याकाळी गल्लीत शिरले तेव्हा गाडी बॅटरीवर होती. कुणालाही कळलं नाही. एक कोंबडी चाकाखालून थोडक्यात निसटली. मामी अंगणात भांडी घासत होती, ती पाठमोरीच राहिली. मी दार उघडून "जयभीम मामी" म्हटलं तेव्हा तिच्या हातातली परात पडली.

"अगं माय! कवा आली? आवाज न्हाई, काही न्हाई. चोरावानी यून राहिली का काय!"

अर्ध्या तासात अख्खी गल्ली गाडीत बसून गेली. पुण्यात नवी गाडी दिसली की लोक बाहेरून बघतात आणि मनातल्या मनात किंमत लावतात. इथे दार उघडतात आणि बसतात. विचारायची पद्धत नाही, कारण गाडी पाहुण्याची, पाहुणा आपला. एसी लावून बसल्या होत्या सगळ्या, आणि मधेच इंजिन आपोआप सुरू झालं.

"कोन चालू केली? म्या तं हात बी न्हाई लावला!" मामी दचकून म्हणाली.

"तिची तीच होते मामी. बॅटरी कमी झाली की इंजिन लागतं, भरली की बंद."

गयामावशी मागच्या सीटवर ऐसपैस बसली होती. तिने थोडा वेळ ते बघितलं. इंजिन बंद झालं, पुन्हा लागलं, पुन्हा बंद.

"आपल्या मनानं उठायचं, आपल्या मनानं बसायचं," ती म्हणाली. "आमचा जावई बी असाच हाय."

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, लसणाचा ठेचा आणि पातळ वरण. पुण्यात मी ज्वारीची भाकरी कापडात गुंडाळलेली, वाफ जाऊन मऊ झालेली खाते आणि त्याचे पैसे देते. इथे तव्यावरून थेट ताटात आली आणि बोटं भाजली. मामी हळद काढायच्या कामावर जात होती. विहीर असलेल्यांच्या शेतात हळद शिजवणं आणि वाळवणं चालू होतं. तिचे तळवे पिवळे, नखं पिवळी, भाकरीच्या कडेलाही जरा पिवळं. मी दोन भाकरी खाऊन तिथेच अंगणात आडवी झाले. मामा गाडीबद्दल काहीतरी विचारत होता. मी हो हो म्हणत झोपले.

शाळेचं मैदान

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. मामा काठी टेकत मागून आला.

"बटण दाब," मी संघमित्राला म्हटलं.

तिने दाबलं. गाडीने कसलाच आवाज केला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा दाबलं. गाडी बंद झाली.

"सुरू झालेली गाडी तू बंद केलीस."

"कवा सुरू झाली?"

"तो हिरवा शब्द दिसतो ना पडद्यावर, तो आला की सुरू."

"ताई, गाडी सुरू हाय का ते वाचून बघायचं?"

जीप सुरू होते तेव्हा तिचा टप हलतो, आरसा थरथरतो, बाजूच्या झाडावरचे बगळे उडतात. सकाळी आधी तिचं कॉइल तापू द्यावं लागतं, मग किल्ली. संघमित्रा गिअर बदलते ते कानाने. इंजिन कण्हायला लागलं की खालचा, गुणगुणायला लागलं की वरचा. तिला कुणी हे असं शब्दांत शिकवलं नव्हतं. तिच्या पायांना ते येतं.

आणि नेमकी तीच अडचण झाली. गाडी हलली, मैदानाच्या टोकाला आली, संघमित्राला हळू करायचं होतं. तिचा डावा पाय आपोआप उठला आणि जीपमध्ये जिथे क्लच असतो त्या दिशेने पूर्ण ताकदीने खाली आला. तिथे होता ब्रेक. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. पट्टा लावलेला नसता तर माझं नाक आज वेगळं दिसलं असतं.

"क्लच कुठाय?" ती ओरडली.

"नाहीये."

"म्हंजी?"

"या गाडीला क्लच नसतो. गिअर तिचे ती बघते. डाव्या पायाला काम नाही."

ती खाली वाकून बघायला लागली, जणू मी तो कुठेतरी लपवून ठेवला आहे. "मंग म्या पाय कुठं ठिवू?"

सकाळभर तेच. दहा पावलं गाडी जायची, डावा पाय उठायचा, आम्ही दोघी पुढे फेकल्या जायचो. जीपवर शिकलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणी करू शकत नाही. ज्याने कधी क्लच दाबला नाही, त्याचा पाय निवांत पडून राहतो. मी चिडले. ती माझ्याहून जास्त चिडली. "तुमची गाडी माणसाला लंगडं करती," असंही म्हणाली.

झाडाखाली मामा बसला होता. आता उठून आला. "मला बघू दे," म्हणाला.

मामा बसला. त्याने बटण दाबलं, हिरवा शब्द वाचला, उजव्या पायाने गाडी पुढे घेतली आणि मैदानाला एक फेरी मारली. मग दुसरी. मग मैदानातून बाहेर, गल्लीतून, पारावरून, परत मैदानात. त्याचा डावा पाय सरळ पसरलेला होता. गेल्या पावसाळ्यापासून गाडी चालवताना त्याने दात आवळले नाहीत असं पहिल्यांदाच झालं असणार. उतरला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की मला एक क्षण माझ्या सगळ्या पत्रकांचा अभिमान वाटला.

"पोरी, हिला डावा पाय लागतच न्हाई."

"तेच तर सांगते मामा सकाळपासून."

"काही तकलीफ न्हाई. एकदम बराबर." मग तो संघमित्राकडे वळला. "मंग तुला लायसन कशाला पायजे? अशीच एक जुनी पाहू कुठं. मीच चालवतो की. तू कशाला उन्हातान्हात..."

संघमित्राने ऐकलं आणि ती घरी निघून गेली. चालत. तिच्या मागे मी गेले तेव्हा ती मामीने घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासत होती, आणि आवाज शेजारच्या तीन घरांत जात होता.

"चांगलं काम केलं ताई," ती मान वर न करता म्हणाली. "दोन वर्षं लागली त्यांना हो म्हणायला. तुमी एका फेरीत पुसून टाकलं."

मी बाजू मांडायला लागले. असं कसं, गाडीचा काय दोष, मामाचा गुडघा, प्रदूषण. मी पत्रकासारखी बोलते हे मला माहीत आहे, आणि दमलेली असले की जास्तच.

"तुमाला फोटो पायजे ना माझा?" ती म्हणाली.

"हवा आहे."

"मंग मला पास करा. बापूला मी बघते." ती तिच्या वडिलांना बापू म्हणते.

दुपारी ती स्वतःच मैदानावर परत आली. मी गाडीच्या डिकीतून पत्रकांचा एक गठ्ठा काढला. 'जुनी धूरगाडी हटवा.' दोन दिवसांत मी त्यातली फार तर मूठभर वाटली होती, त्यातलीही निम्मी भज्यांना गेली. तो गठ्ठा मी चालकाच्या पायापाशी अगदी डावीकडे, पाय टेकवायची जागा असते तिथे, घट्ट बसवला. हलवून बघितला, मामानेही वाकून हलवून बघितला.

"आता डावा पाय याच्यावर. दाबावंसं वाटलं की हे दाब. हाच तुझा क्लच."

तिने दाबला. गाडी थांबवताना उजव्या पायाने ब्रेक, डाव्याने गठ्ठा. कागद दबायचे, परत वर यायचे. संध्याकाळपर्यंत ती सरळ गेली, मागे गेली, दोन विटांच्या मधून उलटी वळली. आम्ही दोघी एकदाही पुढे फेकल्या गेलो नाही.

नरसी

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी आले तर मागची सीट भरलेली होती. गयामावशी आणि आणखी तीन बाया, मांडीवर आणि पायापाशी गाठोडी. हळदीची. कामावर मिळालेली, घरी वाळवलेली, हिंगोलीत विकायची. गयामावशीला डोळेही दाखवायचे होते.

"ह्या सगळ्या?" मी मामीला विचारलं.

"गाडी चाललीच हाय की हिंगोलीला," मामी म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

साखऱ्यात हिंगोलीकडे जाणारी गाडी रिकामी नेणं हे माणसाला न विचारता जेवायला बसण्यासारखं आहे. जीप बंद होती, मग तिच्या वाटणीची माणसं माझ्या गाडीत. मामा पुढे शेजारी बसला, संघमित्रा मागे बायांच्या मांडीवरच जवळजवळ. मामी शेवटी आणखी एक गाठोडं घेऊन आली, माझ्यासाठी. तेही मागच्या सीटच्या कडेला कोंबलं.

ऊन मरणाचं होतं. सेनगाव ओलांडलं, एसी पूर्ण लावलेला, नरसी जवळ आली आणि पडद्यावर एक लाल त्रिकोण उगवला. खाली सूचना: बॅटरी थंड करणाऱ्या भागाची तपासणी करा. गाडीचा जोर गेला. मी पाय पूर्ण दाबला तरी ती बैलगाडीच्या चालीने निघाली. नरसीत नामदेवांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी नारळ आणि प्रसादाची दुकानं आहेत, त्यातल्या एका दुकानापाशी कशीबशी आणून उभी केली.

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. गाणं वाजलं. बराच वेळ वाजलं. मग एक गोड आवाज आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला की आपण शहरात आहात का. मी कुठे आहे ते सांगितलं. गोड आवाजाने गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, मॅडम, मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, बॅटरीला तिथून हवा मिळते, तिच्यासमोर काही ठेवलंय का?

मी मागे बघितलं. जाळी दिसतच नव्हती. तिच्यासमोर माझंच हळदीचं गाठोडं होतं, त्याच्यावर आणखी एक, आणि त्याच्यावर गयामावशीचा पदर. जाळीतून हळदीची धूळ आत ओढली जात होती.

सगळ्या उतरल्या. गाठोडी रस्त्याच्या कडेला उतरली. मी टॉवेलने जाळी पुसली, टॉवेल पिवळा झाला. फोनवरचा आवाज म्हणाला, गाडी थोडा वेळ सावलीत थंड होऊ द्या, मग कमी वजन घेऊन जा.

मी ते सगळ्यांना सांगितलं. कमी वजन, हे शब्द मराठीत फार वाईट वाटतात जेव्हा समोर चार बाया उन्हात गाठोडी घेऊन उभ्या असतात.

"म्हंजी आमच्यामुळं बिघडली?" त्यातली एक म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही, त्या जाळीमुळे."

"जाळीपुढं कोन बसलं होतं?"

गयामावशी गाडीकडे बघत होती. "दम लागला म्हनं तिला. एवढी मोठी गाडी, अन् दम्याची."

मामा दुकानाच्या फळीवर बसला होता, गुडघा चोळत. "आपल्या जीपनं कधी असं माणसं न्हाई उतरवली," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज खाली गेला. कालची फेरी त्याला आठवत असावी.

"खोटं नको बोलू किसन," गयामावशी म्हणाली. "कितीदा उतरवलं. ढकलायला. माझ्या चपला गेल्या एकदा चिखलात."

"ढकलायला उतरवली. टाकून गेलो का कधी?"

"टाकून न्हाई गेला," गयामावशीने मान्य केलं.

संघमित्रा गाडीला टेकून उभी होती. परीक्षेची वेळ जवळ येत होती. चार बायांना असं मधे टाकून परीक्षेला जा, असं स्वतःच्या तोंडाने म्हणणारी ती नाही, आणि मी म्हणू शकत नव्हते, कारण गाडी माझी होती आणि त्या बायांना बसवून मीच आणलं होतं.

गयामावशीनेच तिचा दंड धरला. "जा तू. आमी एसटीनं येतो, न्हाई तं परत जाऊ. डोळे उद्या बी हायेत. लायसन घून ये, मंग बघू तू आमाला उतरवती का ते."

आम्ही निघालो. मी, मामा आणि संघमित्रा. आरशात चार बाया आणि पिवळी गाठोडी दिसत होती, वळण येईपर्यंत. गाडी छान चालत होती. रिकामी असली की ती फारच छान चालते.

हिंगोली

परीक्षेचं मैदान शहराबाहेर आहे. धूळ, एक लिंबाचं झाड, त्याच्याखाली आमच्यासारखी ताटकळलेली माणसं. आमचा नंबर लागला. परीक्षा घेणारे साहेब पन्नाशीचे, गळ्यात पंचा, घामाने बेजार. संघमित्रा बसली, मी आणि मामा दोरीच्या अलीकडे.

"गाडी सुरू करा," साहेब खिडकीपाशी उभं राहून म्हणाले.

तिने बटण दाबलं. "झाली साहेब."

"कुठं झाली? सुरू करा."

"सुरू हाय साहेब."

"मला ऐकू येत नाही का? दाबा बटण."

तिने दाबलं. गाडी बंद झाली. साहेब म्हणाले, हं, बघा. मग तिने पुन्हा दाबलं, आणि त्यांना तो हिरवा शब्द दाखवला. त्यांनी वाकून वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला. "असं होय," म्हणाले. "चार्जिंग कुठं करता?"

"करावं लागत न्हाई साहेब." संघमित्राला आता उत्तर पाठ होतं.

"मग बॅटरी कशाला?"

मामा दोरीच्या अलीकडून म्हणाला, "ॲव्हरेज चांगला हाय साहेब." रांगेतली माणसं हसली, साहेबही हसले. मला वाटलं, झालं, आता होईल सगळं. तेवढ्यात त्यांचं लक्ष खाली गेलं.

"हे काय ठेवलंय पायात?"

संघमित्राने गठ्ठा बाहेर काढून दिला. साहेबांनी वरचं पत्रक वाचलं. त्यावर आदल्या दिवशीच्या सरावात तिच्या तळव्याचा ठसा उमटला होता, पिवळा, कारण साखऱ्यात या दिवसांत सगळ्यांचे पाय पिवळे असतात. "पायात काही ठेवायचं नसतं," ते म्हणाले आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.

ते बरोबर होतं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. मी गठ्ठा धरून उभी राहिले.

गाडी निघाली. सरळ गेली. खुणेच्या काठीपाशी थांबायचं होतं. मी तिच्या डाव्या पायाकडे बघत होते. उघड्या दारातून नाही, दार बंद होतं, पण खिडकीतून तिचा गुडघा दिसत होता. गुडघा वर आला. मामाने माझा हात घट्ट धरला.

गुडघा खाली गेला, डावीकडे, जिथे गठ्ठा होता तिथल्या रिकाम्या जागेवर. गाडी हळूच थांबली.

मग ती उलटी वळली, काठ्यांच्या मधून, आणि दर वळणाला तो गुडघा वर यायचा, खाली जायचा. नसलेला क्लच ती मन लावून दाबत होती. मामा शेजारी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, "दाब... सोड... दाब... हळू सोड." त्याचा डावा पायही धुळीत हलत होता. तो पाय दुखतो हे तो विसरला होता.

"डावा पाय कशाला नाचवता?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"सवय हाय साहेब. जीपवर शिकले."

"जीप आहे का घरी?"

"हाय."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ती पास झाली होती. आम्हाला ते कळायला जरा वेळ लागला.

परत

हिंगोलीहून परत येताना मामा म्हणाला, नरसीपर्यंत मी चालवतो. मी किल्ली दिली. खरं तर त्या गाडीला किल्ली लावावी लागत नाही, खिशात असली की चालतं, पण त्याने हात पुढे केला म्हणून मी दिली. त्याने डावा पाय पसरला आणि निघाला. नरसीत दुकानापाशी थांबला. बाया तिथे नव्हत्या. दुकानदार म्हणाला, एसटी मिळाली त्यांना.

मामा खाली उतरला, चालकाचं दार धरून उभा राहिला. "माझ्या पायाला लई चांगली हाय ही," तो म्हणाला. "माझ्या पायासाठी माणसं उतरवू का?" मग संघमित्राकडे बघून म्हणाला, "चल, बस. आता तुलाच चालवायची सवय कर."

"ही?"

"ही साखऱ्यापर्यंत. उद्यापासून जीप."

गयामावशी आमच्या आधी घरी पोचली होती. डोळे दाखवायचे राहिले होते. तिने संघमित्राच्या तोंडात साखर घातली आणि विचारलं, "आता आमाला उतरवशील का?"

"जीपमधून न्हाई मावशी."

"ढकलायला?"

"ढकलायला उतरा."

दुसऱ्या दिवशी जीप सेनगावला न्यायची होती, तिच्या डिझेल पंपाचं काम करून घ्यायला. ते झालं की धूर कमी होईल, मग पीयूसी मिळेल, असं मामा म्हणतो. मला ते पटत नाही. थोडा कमी होईल, संपणार नाही. मी अजूनही म्हणते की ती जीप गेली पाहिजे. गयामावशीचा सकाळचा खोकला मी तीन दिवस ऐकला आहे, आणि तो कुठून येतो हे मला माहीत आहे. पण तिच्या जागी काय येणार, हे आमच्या एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. चार बाया आणि त्यांची गाठोडी घेऊन उन्हात जाईल अशी स्वच्छ गाडी कुणी बनवून साखऱ्याच्या वळणावर उभी केलेली मी बघितली नाही. आम्ही शहरासाठी बनवलेली गाडी आणतो आणि गावाने तिच्या जाळीपुढून हटावं अशी अपेक्षा करतो. हे मी माझ्या संस्थेलाही सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं.

जीप निघायच्या वेळी गल्ली गोळा झाली. मामा शेजारी बसला. संघमित्राने कॉइल तापवलं, किल्ली फिरवली. टप हलला, बगळे उडाले. मागे बाया आधीच बसल्या होत्या. सेनगावला गाडी चाललीच होती, रिकामी काहून न्यायची.

"ताई, फोटो!" संघमित्रा ओरडली.

"हायब्रिडमधला काढायचा होता."

"परीक्षा तिच्यात दिली. चालवायची ही हाय. काढा."

मी काढला. एक हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर हसू, अगदी संस्थेला हवं होतं तसं. मागे गयामावशी, पदर नाकावर. आणि त्यांच्या मागे अर्धी चौकट भरून काळा धूर.

पुण्यात पोचून दोन दिवस झोपले. मग फोटो पाठवला. ऑफिसातून उत्तर आलं: मुलगी छान आली आहे, ऊर्जा आहे, पण मागचा धूर तेवढा कापता येईल का?

मी कळवलं आहे की कापता येत नाही. त्याचं काम सेनगावला चालू आहे.